जुन्या गाडीसाठी जुने चाक

मध्यम आकाराच्या अमेरिकन गाडीत थोरल्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले की जी गाडी तयार होते, तिला ‘मसल कार’ म्हणतात. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीने ‘जीटीओ’ या गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन दिले. या प्रकाराची सुरुवात तिथून मानली जाते. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत डॉजची चार्जर व शेवरलेची कमारो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला धुराचे नियम कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ मध्ये तेलटंचाई आली आणि या गाड्यांचा भर ओसरला.

कारखान्यातून या गाड्या बहुधा दाबीव पत्र्याच्या चाकांवर बाहेर पडत. सरळ रस्त्यावर पाव मैलाची शर्यत लावणाऱ्यांनी ती चाके काढून शर्यतीच्या मैदानावरची हलकी, रुंद चाके बसवायला सुरुवात केली आणि गाडीचा चेहराच त्या चाकांनी ठरू लागला. आज अशी गाडी पुन्हा उभी करताना इंजिनाचे सुटे भाग एक वेळ नवे मिळतात. त्या काळची जोडीची चार चाके मात्र शोधावी लागतात. हा शोध बाजारात सुरू होत असला, तरी तो निकाली निघतो मोजपट्टीवर.

चाकांच्या जाती

जुन्या शर्यतीच्या चाकांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत.

पहिला तारांच्या आऱ्यांचा. इंग्लंडच्या रज-व्हिटवर्थ कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे चाक आणले, की ते मधल्या एकाच मोठ्या नटावर बसते आणि नट सुटला की झटकन निघते. शर्यतीत चाक बदलायला लागणारा वेळ त्यामुळे कमी झाला. या नटाला बाहेर दोन-तीन पाकळ्या असतात. त्यांवर शिशाचा किंवा तांब्याचा हातोडा मारून तो घट्ट करतात. गाडीच्या एका बाजूच्या नटाला उजवे आटे आणि दुसऱ्या बाजूच्या नटाला डावे आटे असतात, म्हणजे चाक फिरताना नट सैल होण्याऐवजी आवळला जातो. हे चाक मसल कारच्या आधीच्या पिढीचे आणि युरोपीय धाटणीचे.

दुसरा प्रकार मॅग्नेशियमच्या ओतीव चाकांचा. विमान उद्योगात काम केलेल्या टेड हॅलिब्रँड यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात अशी चाके बनवली आणि १९५०च्या दशकात इंडियानापोलिसच्या शर्यतीत ती सर्रास दिसू लागली. मॅग्नेशियमची घनता १.७४, अ‍ॅल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची सुमारे ७.८५. चाक हा गाडीच्या स्प्रिंगांखाली लटकणारा भार आहे. तो जितका हलका, तितके चाक खड्ड्यातून लवकर सावरते आणि रस्ता धरून राहते. शिवाय फिरते वजन कमी झाले, की गाडी वेग लवकर घेते आणि लवकर थांबते. इंग्लंडमध्ये छोट्या मिनी गाडीसाठी आलेली आठ आऱ्यांची ‘मिनिलाइट’ चाके याच कुळातली.

तिसरा प्रकार अ‍ॅल्युमिनियमच्या आणि मिश्र बांधणीच्या चाकांचा. १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या ‘अमेरिकन रेसिंग’ कंपनीचे ‘टॉर्क थ्रस्ट’ हे पाच निमुळत्या आऱ्यांचे चाक मसल कारची ओळखच बनले. आऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतून ब्रेकला वारा लागावा, ही त्यामागची सोय. १९६८च्या ‘बुलिट’ या चित्रपटातली हिरवी मस्टँग अशाच चाकांवर धावली. १९६४ मध्ये आलेल्या ‘क्रेगर एसएस’ चाकात अ‍ॅल्युमिनियमचा मधला भाग पोलादी रिमला जोडलेला असून वर क्रोमचा मुलामा आहे. पाच आऱ्यांचा आभास देणारी, क्रोम केलेली दाबीव पोलादी ‘मॅग्नम ५००’ चाकेही त्याच काळातली; ती अनेक कंपन्यांनी कारखान्यातूनच दिली.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्या

अमेरिकन गाड्यांशी महाराष्ट्राची ओळख फार जुनी आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. फोर्डनेही मुंबईत गाड्या जुळवल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या. याच कारखान्यातून पुढे फिएट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी निघाल्या.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांना देशात सुटे भाग बनवायचे नाहीत त्यांनी नुसती जुळणी करू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड त्यानंतर इथून गेल्या. आयातीवरही कडक बंधने आली. म्हणजे अमेरिकेत मसल कार जन्माला आली तेव्हा भारताचे दार तिच्यासाठी बंद झालेले होते. जी काही मस्टँग किंवा आठ सिलिंडरची शेवरले इथे आली, ती वकिलातींमार्फत, परदेशातून परतणाऱ्यांबरोबर किंवा खास परवान्यावर. त्यामुळे खरी मसल कार महाराष्ट्रात मोजकीच आहे. शर्यतीचे चाकही तितकेच दुर्मीळ, कारण मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत धावणाऱ्या गाड्या बव्हंशी इथल्याच कारखान्यांतल्या, घरच्या कारागिरीने तयार केलेल्या असत.

मसल कारच्या जागी इथे वेगळ्या गाड्यांनी मान मिळवला. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा १९८४च्या सुमारास आली. लांब बॉनेट आणि चौकोनी बांधा यांमुळे शौकीन तिला ‘देशी मसल कार’ म्हणतात. अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी यांनाही आता जपणारे हात मिळाले आहेत. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निघाली. वऱ्हाडात मात्र जुन्या गाडीचा विषय निघाला, की पहिले नाव जीपचे येते. महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या विलीज जीप आणि १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जोडायला घेतलेल्या जीप यांना काळ्या मातीच्या वाटांवर पर्याय नव्हता. पावसाळ्यात जिथे बैलबंडीही फसे, तिथे चारही चाके ओढणारी जीप निघून जाई.

चाक कुठे दडलेले असते

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीकाठी वलगाव लागते. अशा हमरस्त्यावरच्या गावात जुन्या गाडीच्या सुट्या भागांचे दुकान नसते. पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, ट्रॉली बांधणारा आणि भंगारवाला मात्र असतो. वऱ्हाडात जुने चाक शोधण्याची वाट या चौघांकडून जाते.

याचे कारण सरळ आहे. खेड्यात पोलादी चाक सहसा वाया जात नाही. गाडी मोडली की तिचा आस आणि चाके बैलबंडीखाली जातात. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणारे कारागीर कमी झाले, तशी रबरी टायरची बंडी वाढली. राज्याच्या काही भागांत तिला टायर बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने ‘डनलॉप गाडी’ असेच म्हणतात. बंडीखाली, पाण्याच्या टाकीच्या ट्रॉलीखाली, फवारणी यंत्राखाली, मंडपवाल्याच्या जनरेटरखाली जीपची आणि जुन्या मोटारींची चाके वर्षानुवर्षे चालत राहतात. विलीज जीपच्या मूळ चाकाला सोळा इंची रिम आणि ६.००-१६ मापाचा टायर लागतो. हेच माप अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांचे असल्यामुळे टायर मिळत राहिला, आणि टायर मिळत राहिल्यामुळे रिमही वापरात राहिली.

हलक्या धातूच्या चाकाचे नशीब उलटे. अ‍ॅल्युमिनियमला भंगारात लोखंडापेक्षा चांगला भाव मिळतो, म्हणून तडा गेलेले किंवा जोडी फुटलेले चाक थेट भट्टीत जाते. पोलादी चाक स्वस्त म्हणून टिकते, अ‍ॅल्युमिनियमचे महाग म्हणून वितळते. म्हणून अशा चाकाच्या शोधात असलेल्याने भंगारवाल्याला माल वितळायला जाण्याआधीच सांगून ठेवावे लागते. सोबत चाकाचा फोटो आणि माप दिले तर ओळखायला सोपे जाते.

गावात न मिळालेले चाक शहराच्या बाजारात शोधले जाते. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ला, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणे. जीपच्या सामानासाठी हरियाणातल्या मंडी डबवालीचे नाव घेतले जाते. मस्टँग किंवा कमारोचे खरे जुने चाक हवे असेल, तर ते अमेरिकेहूनच मागवावे लागते, आणि जहाजभाडे व सीमाशुल्क धरून हिशेब केला तर चाकाची मूळ किंमत त्यात लहान वाटू लागते.

एक जागा सहसा कुणी तपासत नाही : गाडीचीच डिकी. चार चाके बदलली जातात, स्टेपनी तशीच राहते. ऊन, पाऊस आणि खड्डे यांपासून वाचलेले स्टेपनीचे चाक पुष्कळदा गाडीवरचे सर्वांत अस्सल चाक असते. त्याच्या पाठीवरचे शिक्के आणि माप पाहून उरलेल्या चार चाकांचा शोध नेमका करता येतो.

पाच मापे

चाक दिसायला जोडीचे असले म्हणून गाडीला बसते असे नाही. त्यासाठी पाच मापे जुळावी लागतात.

पहिले रिमचा व्यास आणि रुंदी. दोन्ही इंचात मोजतात, आणि टायरची कड जिथे टेकते त्या दोन जागांमध्ये मोजतात. रिमच्या बाहेरच्या ओठांमध्ये नाही. सात इंची रिम बाहेरून बाहेर मोजली तर साधारण आठ इंच भरते. नवख्याची चूक इथेच होते.

दुसरे बोल्टच्या भोकांचे वर्तुळ, ज्याला गॅरेजात ‘पीसीडी’ म्हणतात. भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा हा व्यास. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर घेतले की काम झाले. पाच भोकांत समोरासमोर भोके येतच नाहीत. तिथे एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि ०.९५१ ने भागायचे. किंवा शेजारच्या दोन भोकांमधले अंतर घेऊन ०.५८८ ने भागायचे.

विलीज जीपचे वर्तुळ साडेपाच इंचांचे, म्हणजे १३९.७ मिलिमीटरचे, शेजारच्या दोन भोकांत ८२ मिलिमीटर अंतर भरते. मारुती जिप्सीचे वर्तुळही तेच, म्हणून जिप्सीची पंधरा इंची चाके जुन्या जीपवर चढलेली दिसतात. मस्टँगचे वर्तुळ साडेचार इंचांचे, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. कमारोचे पावणेपाच इंचांचे, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर.

इथे एक फसगत ठरलेली आहे. कमारोच्या चाकात एक भोक सोडून मोजले तर अंतर ११४.७ मिलिमीटर येते. भागाकार विसरलेला माणूस ते ११४.३ समजतो आणि मस्टँगचे चाक म्हणून कमारोचे चाक घेऊन येतो. दुसरी फसगत १२० आणि १२०.६५ यांची. काही युरोपीय गाड्यांचे वर्तुळ १२० मिलिमीटरचे आहे. पाऊण मिलिमीटरही फरक नाही म्हणून नट ओढून बसवले, तर प्रत्येक बोल्ट वाकडा ताण खात राहतो आणि एक दिवस तुटतो. क्रेगरसारख्या काही जुन्या चाकांना लांबट भोके असत आणि सरकत्या वॉशरवर ती एकाहून अधिक वर्तुळांना बसत. असे चाक त्याच्या मूळ वॉशरसकट मिळाले तरच घ्यावे.

तिसरे माप चाकाच्या मधल्या भोकाचे. हबचा गोल भाग त्यातून यावा लागतो. भोक लहान असेल तर चाक बसत नाही. मोठे असेल तर बसते, पण ते नटांनीच मध्यावर धरावे लागते. शक्य तिथे लेथवर बनवलेली रिंग घालून ही पोकळी भरतात.

चौथे ऑफसेट. चाक हबला जिथे टेकते ती पाटी रिमच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, ते हे अंतर. पाटी बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट अधिक धरतात. जुन्या मागच्या-चाकांनी-ओढणाऱ्या अमेरिकन गाड्यांत तो शून्याच्या आसपास असे, तर आजच्या पुढच्या-चाकांनी-ओढणाऱ्या गाड्यांत तो ३५ ते ५० मिलिमीटर असतो. इनोव्हासारख्या आजच्या गाडीचे वर्तुळ ११४.३ चेच आहे. पण तिचे चाक जुन्या मस्टँगला लावले तर ते आतल्या स्प्रिंगला किंवा ब्रेकला जाऊन भिडू शकते. मोजण्याची सोपी रीत अशी : चाक तोंडावर पालथे ठेवावे, रिमच्या वरच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि पट्टीपासून पाटीपर्यंतची खोली मोजावी. आठ इंच एकूण रुंदीच्या चाकात ही खोली चार इंच आली तर ऑफसेट शून्य. पावणेसहा इंच आली तर तो सुमारे ४५ मिलिमीटर.

पाचवे माप नटाच्या बैठकीचे. काही चाकांत ती निमुळती, काहींत गोल, आणि जुन्या ओतीव ‘मॅग’ चाकांत सरळ नळीसारखी असते; तिथे नटाला लांब दांडा आणि खाली सपाट वॉशर लागतो. निमुळता नट सरळ बैठकीत आवळला तर तो घट्ट वाटतो, पण टेकलेला असतो कडेच्या बारीक रेघेवर. जुन्या विलीज जीपच्या आणि १९७० पर्यंतच्या अनेक क्रायस्लर गाड्यांच्या डाव्या बाजूच्या बोल्टांना उलटे आटे असत. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक नट सोडवण्यासाठी जितका जोर लावेल, तितका तो आवळला जाऊन शेवटी बोल्टच तुटतो. बोल्टच्या टोकावर बहुधा ‘एल’ हे इंग्रजी अक्षर कोरलेले असते. पान्याआधी नजर तिकडे गेली पाहिजे.

पारख

मापे जुळली, की चाकाची तब्येत पाहायची. रंग आणि पॉलिश यांना भुलू नये. ताजा रंग म्हणजे बऱ्याचदा झाकलेली दुरुस्ती.

पोलादी चाकात तीन जागा तपासतात : बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा, पाटी रिमला जोडलेली वेल्डिंगची रेघ आणि टायरची कड बसते ती खाच. भोके लांबट झाली असतील तर ते चाक कधीतरी सैल नटांवर चालले आहे. खाचेत गंजाचे खड्डे असतील तर हवा धरत नाही. बंडी किंवा ट्रॉलीखालून काढलेल्या चाकात आणखी एक धोका असतो : आस बसवण्यासाठी पाटीला कुणी नवी भोके पाडलेली असतात किंवा पट्टी डागलेली असते. बैलाच्या चालीला हे चालून गेले. ताशी ८० किलोमीटरला चालणार नाही. रुंद टायर बसावा म्हणून दोन रिमा कापून मध्ये पट्टी वेल्ड करण्याची रीतही जुनी आहे. अशी जोडरेघ दिसली, तर चाक भिंतीवर टांगायला ठेवावे.

ओतीव चाकात तडा आऱ्याच्या मुळाशी आणि नटांच्या बैठकीपाशी सुरू होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यात त्यासाठी लाल रंगाचे पातळ द्रव्य लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. तड्यात शिरलेला रंग रेघ होऊन उमटतो. याचाच जुना घरगुती प्रकार रॉकेल आणि चुन्याचा. चाक स्वच्छ करून रॉकेल लावायचे, थोड्या वेळाने कोरडे पुसायचे आणि वर खडूची भुकटी किंवा पातळ चुना फिरवायचा. तडा असेल तर रॉकेल झिरपून पांढऱ्यावर काळपट रेघ येते.

मॅग्नेशियमची बाब निराळी. हा धातू ओल आणि खारी हवा सोसत नाही. पोलादी बोल्टला टेकतो तिथे तर तो आणखी लवकर झिजतो. मुंबईत समुद्राकाठी पडून राहिलेल्या चाकावर पांढरी भुकटी आणि आत पोखरलेले खड्डे सापडतात. कोरड्या हवेतले चाक त्या मानाने बरे राहते. जुने ओतकाम सच्छिद्र असल्याने ही चाके पुष्कळदा ट्यूबशिवाय हवा धरत नाहीत. मॅग्नेशियमवर ग्राइंडर फिरवणे धोक्याचे आहे : त्याचा बारीक कीस पेटतो आणि त्या आगीवर पाणी टाकले तर ती अधिक भडकते.

शेवटी चाक सरळ आहे का ते पाहतात. हबवर चढवून हाताने फिरवावे आणि कडेशी विटेवर पेन्सिल टेकवून धरावी. रिम आत-बाहेर किंवा वर-खाली साधारण एक मिलिमीटरच्या आत फिरली तर ठीक. वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात आणि त्या लाटांवर रिम वाकते. अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना दरम्यान जून २०२२ मध्ये १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला. अशा गुळगुळीत रस्त्यावर न जाणवणारा चाकाचा बाक आतल्या गावरस्त्यावर स्टेअरिंगच्या थरथरीतून लगेच कळतो.

अस्सल की नक्कल, हाही प्रश्न असतो. टॉर्क थ्रस्ट धाटणीची चाके आजही नवी बनतात, आणि रोज चालवायच्या गाडीला ती जुन्यापेक्षा सुरक्षित आहेत. फरक पाठीवर दिसतो : ओतकामातले कंपनीचे नाव, साच्याचा क्रमांक, मापाचे शिक्के. शिक्के खरवडलेले असतील तर जुन्याचा भाव देऊ नये.

दुरुस्ती आणि टायर

पोलादी रिमचा हलका बाक काढता येतो आणि गंज वाळूच्या माऱ्याने साफ करून चाक पुन्हा रंगवता येते. ओतीव चाकातला आऱ्याचा किंवा बैठकीचा तडा वेल्ड करून ते चाक रस्त्यावर आणणे योग्य नाही. वेल्डच्या उष्णतेने धातूला दिलेले पाणी उतरते. पावडर कोटिंगची भट्टी सुमारे २०० अंश सेल्सिअसला चालते, म्हणून जुन्या हलक्या धातूच्या चाकाला ती देण्याआधी विचार करावा लागतो. तारांच्या चाकात तुटलेली किंवा सैल तार एकटी बदलून भागत नाही. प्रत्येक तारेचा ताण शेजारच्या तारांवर अवलंबून असल्याने पूर्ण चाक पुन्हा ताणून सरळ करावे लागते.

टायरच्या बाबतीत जुन्याचा आग्रह सोडावा. रबर न वापरताही कडक होते. टायरच्या बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा. मसल कारच्या काळातले ‘एफ ७०-१४’ असे माप आजच्या २०५/७० किंवा २१५/७० आर १४ च्या जवळ येते. जीपला ६.००-१६ चा ट्रॅक्टरचा पुढचा टायर रिमवर चढतो खरा, पण त्यावर ‘ए ८’ असे अक्षर असेल तर तो ताशी ४० किलोमीटरपर्यंतचाच आहे. शेतात ठीक, हमरस्त्यावर नाही.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापमान साडेपाच अंशांनी चढले की टायरमधली हवा साधारण एक पौंडाने वाढते. हवा पहाटे, टायर थंड असताना मोजावी; दुपारी वाढलेली दिसली म्हणून सोडू नये. वलगावहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याचा घाट चढून उतरायचा असेल, तर भार आणि ब्रेकची उष्णता दोन्ही चाकावर येतात. एका आसावर येणाऱ्या भाराच्या निम्म्याहून चाकाची क्षमता चांगलीच अधिक हवी.

नियम

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात उत्पादकाच्या मूळ तपशिलावर भर दिला आहे. म्हणून कंपनीने त्या गाडीसाठी दिलेल्या मापांत राहणे शहाणपणाचे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणी आणली. तिच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरण ५,००० रुपयांत. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच ती बाहेर निघते. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेली गाडी या नोंदणीत बसत नाही. अशा गाडीला तिच्या काळातले चाक शोभते, आणि अर्ज करताना तिचे मूळ रूप दाखवायलाही ते उपयोगी पडते.

बसवताना

पहिल्यांदा चाक टायरशिवाय हबवर चढवून पाहतात. ते ब्रेकला, कॅलिपरला किंवा स्टेअरिंगच्या दांड्याला लागत नाही ना, हे हाताने फिरवून कळते. मग टायर चढवून स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवतात आणि गाडीत माणसे बसवून मडगार्डशी अंतर पाहतात. हबची आणि पाटीची टेकणारी बाजू रंग व गंज घासून स्वच्छ लागते. रंगाचा थर दबला की नट सैल होतो. नट एकामागून एक न आवळता चांदणीच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, गाडीच्या पुस्तकातल्या ताणाला आवळतात आणि बॅलन्सिंग करून घेतात. हलक्या धातूचे चाक पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर थोडे बसते, तेव्हा नट पुन्हा एकदा तपासावे लागतात.

उतरवलेली मूळ पोलादी चाके तेलाचा हात फिरवून, मापाची चिठ्ठी बांधून आडवी ठेवावीत. ती विकायची वेळ आलीच, तर भंगारात वजनावर न देता मापासकट द्यावीत. त्याच मापाचे चाक शोधणारा पुढचा माणूस पंक्चरवाल्याकडे, वेल्डिंगवाल्याकडे आणि बंड्यांखाली पाहत फिरत असतो.